फ्रेममधली बाई

बिरसी, १४ जुलै

ओमेश,

पार्सल पोचलं. फोनवर कळवलं नाही म्हणून चिडू नकोस. तुझ्याशी जन्मात बोलणार नाही अशी शपथ मी आंगणात सगळ्यांदेखत घेतली होती, लिहिणार नाही अशी घेतली नव्हती. तुझे मेसेज येतात ते वाचते. उत्तर कागदावरच मिळेल, कार्डासोबत, कुरिअरच्या पाकिटात. शाळेत मराठी शिकवणाऱ्या बाईला एवढा तोरा शोभतो.

चार वर्षांनी तुला घराची आठवण झाली, आणि झाली ती कशासाठी, तर धानाच्या बांधीसाठी. बियाण्याच्या कंपनीला जाहिरात हवी आहे. रोवणीपासून कापणीपर्यंतचं शेत, अर्ध्या मिनिटात. पुण्यात म्हणे सगळं मिळतं. बांधी तेवढी मिळत नाही असं दिसतं.

तुझ्या सूचना दोनदा वाचल्या. खांब हलता कामा नये. कॅमेरा एकदा रोखला की केसभरही सरकायला नको, नाहीतर सगळ्या हंगामाचं काम मातीत. उजेड असेपर्यंत दर दहा मिनिटांनी एक फोटो तो आपणहून काढेल. पुढची काच मऊ फडक्यानं पुसायची, पण कॅमेऱ्याच्या डब्यावर हात टेकायचा नाही. महिन्याकाठी कार्ड बदलायचं आणि भरलेलं पाठवायचं. आणि सगळ्यात शेवटी, जाड अक्षरात: फ्रेममध्ये माणूस नको. शेत पाहिजे, माणूस नको. धान काय आपणहून चिखलात उडी मारतं, ओमेश?

तरी केलं सगळं. चैतरामभाऊंना बोलावलं. आपल्या शेजारच्या बांधीचे, ज्यांची बोरं तू आयुष्यभर चोरलीस, तेच. बोअरचा जुना लोखंडी पाइप होता, तो त्यांनी बांधीच्या कडेला धुऱ्यावर खड्डा करून सिमेंटमध्ये गाडला. भाऊ म्हणाले, "बाप्पा, धुऱ्यावर पोलीस उभा केला का व रेणू?" दोन दिवस सिमेंट वाळू दिलं, मग डबा चढवला. तोंड उत्तरेला, म्हणजे काचेत ऊन शिरत नाही. डावीकडे मोहाचं झाड घेतलं, उजवीकडची विमानतळाची भिंत टाळली. ओल शोषणाऱ्या पुड्या आत ठेवल्या, सोलरची पाटी वर बसवली. मागच्या छोट्या पडद्यावर पाहिलं. आपली बांधी आहे असं वाटलंच नाही, इतकी चांगली दिसत होती. चाचणीचं पहिलं कार्ड सोबत आहे.

तेवढ्यात आई आली. चार वर्षांत तिनं तुझं नाव तोंडातून काढलेलं नाही. तुझा विषय निघाला की चुलीतलं लाकूड मागेपुढे करते.

"हे कायचं व?"

"कॅमेरा. ओमेशचा."

ती डब्याकडे पाहत राहिली. मग हळूच डोक्यावरचा पदर सावरला. "म्हणजे तो पाहून राहिला का?"

मी हो म्हणाले. कार्ड तुझ्याकडे जाईल, मग तू पाहशील, एवढं सगळं कोण समजावणार? ती तिथंच उभी राहिली. वरून शिकाऊ पोरांचं विमान घिरट्या घालत होतं, रोज घालतं, पण एरवी मान वर करणारी बाई आज डब्यावरून नजर हटवेना.

आता मुद्द्याचं. "जंगलातली टुरी माह्या घरात नोको, अन् तुहा पायही या आंगणात नोको," हे तिचे शब्द, तू दिव्याशी लग्न करून आलास त्या दिवसाचे. "तू बोलावशील तेव्हाच येईन," हे तुझे. दोघंही एकाच माळेचे मणी. पण आता माळ तुटायला आली आहे. आई यंदा रोवणीला चिखलात उतरणार नाही. जूनमध्ये तिला नागपूरला दाखवलं. पोटात गाठ आहे. दिवाळी पाहिली तर पाहिली, असं डॉक्टर म्हणाले. तुला कळवायचं नाही अशी तिनं मला आण घातली आहे. "माहं दुखनं दाखवून टुरा नोको बोलावू. त्याच्या मनानं आला तर येईल." मी ती आण या ओळीत मोडली. यायचं असेल तर दिवाळीच्या आत ये.

रेणू


बिरसी, २४ ऑगस्ट

ओमेश,

पहिल्या पाकिटावर तुझं उत्तर आलं: "कार्ड मिळालं, एक्सपोजर मस्त," आणि एक अंगठा. आईच्या पोटात गाठ आहे हे वाचून माणूस अंगठा पाठवतो, हे मला नवीन होतं. तिकडे तशी रीत असेल.

रोवणी झाली. तुझ्या जाहिरातीत बायका नकोत म्हणून त्यांना काही मी धुऱ्यावर बसवून ठेवलं नाही. त्या उतरल्या, मीही उतरले. कार्ड काढण्याआधी मागच्या पडद्यावर एकेक फोटो पुढे ढकलून पाहिला. गंमतच आहे. एका फोटोत आम्ही या कोपऱ्यात, पुढच्यात त्या कोपऱ्यात, तिसऱ्यात नाहीच. दिवसभर कंबर मोडली आणि तुझ्या अर्ध्या मिनिटात आम्ही डोळा लवेपर्यंतही दिसायच्या नाही. काम करणारा तुझ्या कॅमेऱ्यात टिकत नाही. बसून राहणारा टिकतो.

आणि बसून राहणारी एकच आहे. रोवणी संपली तसं आईनं समोरच्या धुऱ्यावर बस्तान मांडलं. प्लास्टिकची खुर्ची, छत्री, पाण्याची बाटली. सकाळी औषध घेतलं की निघते. तोंड कॅमेऱ्याकडे. लुगडं धुतलेलं, कपाळावर कुंकवाच्या जागी बुक्का. बाबा गेल्यापासून आरशासमोर न जाणारी बाई रोज माझ्याकडून केस विंचरून घेते. मी म्हटलं, चिखलात कशाला जातेस, घरी पडून राहा. म्हणाली, "मी कायले त्याले फोन करू? मी तर आपल्या बांधीवर बसून राहिली. त्याले दिसलं तर दिसलं."

अशी तिची माघार. ना फोन, ना निरोप. आपल्याच धुऱ्यावर बसून तुझ्यासमोर आली, आणि मान वाकवली असं कोणी म्हणू नये याची सोयही केली.

परवा पोळा झाला. तिला उभं राहवत नाही, पण पुऱ्या तिनं स्वतः तळल्या. खीर केली. आणि ताट झाकून बांधीवर निघाली. दोन ताटं होती. दुसरं कोणाचं ते मी विचारलं नाही. वाटेत तीच म्हणाली, "त्या टुरीले गोड आवडते का व?" चार वर्षांपूर्वी हे विचारलं असतं तर मला पुढची सगळी पत्रं लिहावी लागली नसती.

खुर्चीत बसून एक ताट मांडीवर ठेवलं, एक दोन्ही हातांनी उचलून कॅमेऱ्याकडे धरलं.

"हा कवा काढते फोटो?"

"दहा मिनिटांनी एकदा. आत्ताच काढून झाला असेल."

"मंग तवरी धरून राहीन."

धरून राहिली. खीर वाटीतून ताटात सांडत होती. मी ताटाखाली हात द्यायला गेले तर खेकसली, "तू सरक, तू मधात येऊन राहिली!" मी सरकले. कधी क्लिक होतं ते ऐकू येत नाही, म्हणून ती थांबलीच नाही. मीही सांगितलं नाही की झालं असेल आता, ठेव खाली.

मला तेव्हा काय वाटलं ते लिहून टाकते. तिची आंघोळ मी घालते, तिची ओकारी मी काढते, आणि आयुष्यात तिनं माझ्याकडे त्या पत्र्याच्या डब्याकडे पाहते तसं पाहिलं नाही. मला तुझा राग आला. तिचाही आला. दोन्ही राग अजून तसेच आहेत.

ये. ताटातलं जे सांडलं ते सांडलं, अजून ती तळू शकते.

रेणू


बिरसी, १९ सप्टेंबर

ओमेश,

तुझा मेसेज जसाच्या तसा उतरवून ठेवते, म्हणजे पुढे तू नाही म्हणायला नको.

"ताई, फ्रेममध्ये एक बाई रोज येऊन बसते. कोण आहे? मजूर असेल तर सांग ना तिला, दुसरीकडे बस म्हणून. क्लायंट ओरडतोय. एकदोन फोटो असते तर काढून टाकले असते, फार काम नाही. पण ही रोजच आहे. प्लीज हटव तिला."

मी तो उभ्यानं वाचला आणि खाली बसले.

दोन गोष्टी एकदम कळल्या. पहिली, तू आईला ओळखलं नाहीस. ती दूर बसते हे खरं, अर्धी झाली आहे हेही खरं, पण ओमेश, छत्री तीच आहे, जिच्या दांड्यानं तिनं तुला शाळेत हाकललं. दुसरी, तू माझी पत्रं उघडतच नाहीस. कार्ड काढतोस आणि कागद टाकतोस. वाचलं असतंस तर बाई कोण म्हणून विचारलं नसतंस. का उघडत नाहीस तेही मला कळतं. तुझ्या लग्नानंतर मी एक पत्र धाडलं होतं, त्यात दिव्याबद्दल जे लिहिलं होतं ते वाचल्यावर माझं अक्षर तुला नको झालं असेल. असू दे.

आता तुला वाटेल, मी लगेच फोन उचलला असेल. नाही उचलला. शपथ शपथ असते. शिवाय मला पाहायचं होतं.

मी तुझा मेसेज आईला वाचून दाखवला. मुद्दाम. "मजूर असेल तर" सकट. एकही शब्द गाळला नाही. मला वाटलं, आता तरी तिचे डोळे उघडतील, आता तरी ती घरी बसेल, माझ्यापाशी.

तिनं तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाली, "बाई म्हणला मले?"

"हो."

"दूर बसतो ना मी. ओरखू नसन आलं." आणि एकदम तिचं तोंड उजळलं. "पन पाहते तर खरं! पाहल्याबिगर हटव कसा म्हणन?"

इतके दिवस तिला थोडी शंका होती म्हणे, की रेणू आपलं मन राखायला सांगते. तुझ्या मेसेजनं ती फिटली. मी मारायला काठी उचलली आणि तिनं ती टेकायला घेतली. काय करावं अशा बाईचं?

मी म्हटलं, "मग सांगू का त्याला, ती मजूर नाही, तू आहेस म्हणून?"

"नोको. आपल्या डोऱ्यानं ओरखन तवा ओरखन. अन् त्याच्या कामात माहा खोडा नोको."

दुसऱ्या दिवशी तिनं खुर्ची हलवली. आता ती खांबाच्या मागे बसते. पाइपाला पाठ टेकायची नाही हे तिला बरोबर माहीत आहे, हलता कामा नये ना. हातभर अंतर सोडून बसते आणि कॅमेरा जिकडे पाहतो तिकडे पाहते. धान पोटरीला आलं आहे, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात. "आता तो अन् मी एकच पाहून राहिलो," म्हणते. समाधानानं म्हणते, हे तुला मुद्दाम कळवते.

म्हणजे तुझी फ्रेम मोकळी झाली. अभिनंदन.

एक परीक्षा घेते. हे वाचत असशील तर मेसेजमध्ये फक्त "माय" एवढा शब्द पाठव. बाकी काही नको. तो आला तर शपथ गेली खड्ड्यात, मी त्याच मिनिटाला फोन करीन. आई कालपासून पेजेशिवाय काही घेत नाही.

रेणू


बिरसी, २५ ऑक्टोबर

ओमेश,

"कार्ड मिळालं. आता फ्रेम एकदम क्लीन! थँक्यू ताई, यू आर बेस्ट."

हे तुझं उत्तर. परीक्षेत नापास. माझी शपथ शाबूत राहिली.

आई गेली. दिवाळीला चार दिवस होते. डॉक्टरांचा अंदाज बरोबर निघाला, तेवढं तरी पैशाला जागले.

शेवटचे आठ दिवस ती बांधीवर जाऊ शकली नाही. खाट आंगणात काढायला लावली, तोंड फाटकाकडे. विचारायची, "आता तेथं कोनी बसते का?" मी म्हणायची, कोणी नाही, फ्रेम मोकळी आहे. "मंग त्याले बरं वाटत असन." आणि एकदा, औषधाच्या गुंगीत नव्हे, चांगल्या शुद्धीत विचारलं, "रेणू, त्यानं ताट पाहलं असन ना?"

मी म्हटलं, पाहिलं.

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मंग आला काऊन नाही?"

ओमेश, त्या वेळी माझ्या हातात दोन्ही दोर होते. तिला म्हटलं असतं की आई, त्याला काही माहीत नाही, तो तुला पाहत नाही, तो माझी पत्रं फेकून देतो, तर तिनं आपल्या तोंडानं तुला फोन लावायला सांगितलं असतं. माझी खात्री आहे. तिचा अभिमान तेव्हा पेजेच्या वाटीत मावेल एवढाच उरला होता. किंवा तुला एक ओळ मेसेज केली असती तर तू नागपूरपर्यंत विमानानं आणि पुढं धावत आला असतास. तू वाईट नाहीस, एवढं मला कळतं.

मी म्हटलं, "त्याला काम आहे."

तिनं मान हलवली आणि फाटकाकडची कूस बदलली. 

का केलं असं, हे तू विचारशील. चार वर्षं तिचे पाय मी चेपले आणि तिनं पदर सावरला तो डब्यासाठी. बस्स, एवढंच कारण आहे, यापेक्षा मोठं शोधू नकोस. ती जाताना तरी तिला वाटावं की जो आला नाही तो पाहूनही आला नाही, आणि जी होती ती मी होते. तिला तसं वाटलं का ते मला माहीत नाही. तिनं शेवटी हात धरला तो माझाच, पण दुसरा कोणाचा नव्हताही तिथं.

चैतरामभाऊ म्हणाले, "ओमेशले फोन लावतो, नंबर दे." मी म्हटलं, मी कळवलंय त्याला, जुलैपासून कळवतेय. खोटं कुठं आहे? त्यांनी आंगणात सगळ्यांना सांगितलं, टुऱ्याले माहीत आहे, येऊन नाही राहिला. लोक थुंकले. काकांनी तर तुझा नंबर कधीच काढून टाकला होता, आणि नवेगावबांधला दिव्याच्या माहेरी कळवायला आपल्याकडून कोण जाणार? अग्नी मी दिला. बाईमाणसानं कसा द्यायचा म्हणून कुजबुज झाली, मग काका गप्प बसले म्हणून सगळे बसले.

मसणाकडे जाणाऱ्या नाल्याच्या वाटेवर अजून चिखल होता, म्हणून तिरडी आपल्या धुऱ्यावरून न्यावी लागली. कॅमेऱ्यासमोरून. मी मडकं धरून पुढं होते. दुपारी परत आल्यावर मागचा पडदा उघडून पाहिलं. बांधी पिकून वाकलेली, मोहाचं झाड, आणि मधोमध आम्ही. एका फोटोत सापडलो. त्याच्या आधीच्या फोटोत कोणी नाही, नंतरच्यात कोणी नाही. तोच धुरा, जिथं तिची खुर्ची असायची.

हा कागदही तू फेकशील. म्हणून ठरवलं आहे. तू कागद वाचत नाहीस, कार्ड मात्र एकेक फोटो निरखून पाहतोस. आईला जे जमलं ते मलाही जमेल. खताच्या रिकाम्या बोऱ्यांची आतली बाजू पांढरी असते आणि दारं रंगवून उरलेला काळा रंग घरात आहे. पुढच्या महिन्यात कापणी, त्या दिवशी शेवटचं कार्ड निघेल. धान कापायच्या आधी मी तिच्या जागेवर उभी राहीन आणि क्लिक होईपर्यंत हात खाली करणार नाही.

रेणू


९ नोव्हेंबर, धुऱ्यावर, कॅमेऱ्यासमोर

पहिल्या बोऱ्यावर:

ओमेश, ती बाई आई होती.

दुसऱ्यावर:

पोळ्याला तिनं ताट धरलं होतं. तुझं आणि दिव्याचं.

तिसऱ्यावर:

दिवाळीच्या आधी गेली. मी लिहिलं होतं. पत्रं उघड.

चौथ्यावर:

तिरडीचा फोटो मागच्या कार्डात आहे. काढून टाक. एकच आहे, फार काम नाही.